विश्लेषण : कोकणच्या किनारवाटांना बंदी हवी की वेळापत्रक?

एकच वाट जानेवारीत निवांत, जुलैमध्ये जीवघेणी आणि एकाच दिवसात सकाळी कोरडी, दुपारी पाण्याखाली. कोकणातील कडा आणि पुळणींवरून जाणाऱ्या वाटांचे हे वास्तव प्रशासनाच्या फलकांवर मात्र उमटत नाही. तेथे एकच वाक्य असते : ‘धोका, पुढे जाऊ नये’.

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वरला काळभैरवाचे दर्शन झाले की प्रदक्षिणेची वाट टेकडीवर चढते आणि मग कातळातील अरुंद खिंडीतून पायऱ्या उतरत थेट समुद्राकाठच्या खडकांवर येते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने जाळीदार कोरलेला हा कातळ पाहण्यासाठी लोक लांबून येतात. ओहोटीला ही वाट घरातील वृद्धही हळूहळू पार करतात. भरतीला तीच वाट नाहीशी होते. वाट तीच, खडक तोच. फरक असतो तो फक्त वेळेचा. पण दुपारच्या जेवणाआधी प्रदक्षिणा उरकू पाहणाऱ्या कुटुंबाला ही वेळ सांगणार कोण, हा प्रश्न दर मोसमात नव्याने उभा राहतो आणि एखादी दुर्घटना घडली की त्याचे उत्तर सरसकट बंदीत शोधले जाते.

किनारवाट म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा असल्याचे अनेक वर्षे सांगितले जाते. तो सरळ वाळूचा पट्टा नाही. एक खाडी, मग पुळण, मग समुद्रात घुसलेले डोंगराचे नाक, पुन्हा पुळण आणि पुन्हा खाडी अशी त्याची रचना आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात या डोंगरांचा माथा सपाट असतो. तोच जांभ्या दगडाचा सडा. सड्याच्या कडेला कडा तुटतो आणि खाली खडप किंवा छोटी पुळण असते. राजापूर तालुक्यातील कशेळीचे उदाहरण बोलके आहे. कनकादित्य मंदिराच्या गावाचा सडा संपतो तेथे कडा आहे आणि त्याच्या पोटात देवघळीची लहानशी पुळण.

या साऱ्याला जोडणाऱ्या वाटा नव्या नाहीत. वाडीतून बंदरावर उतरणाऱ्या दगडी पाखाड्या, गुरे सड्यावर नेण्याच्या पायवाटा, खाडीपलीकडे जाण्यासाठी तरीपर्यंत येणारा रस्ता हे सारे गावांनी आपल्या गरजेतून घडवले. अलीकडच्या काळात पाठीवर पिशवी टाकून एका पुळणीवरून दुसऱ्या पुळणीपर्यंत चालणारे तरुण, निसर्गमंडळे आणि निवृत्त हौशी मंडळी याच वाटा वापरू लागली आहेत. सह्याद्रीतील गडवाटांचा ज्यांना सराव आहे त्यांना किनारा सोपा वाटतो, कारण चढ कमी असतो. गफलत येथेच होते. गडावर वाट चुकली तर परत फिरता येते. किनाऱ्यावर मागची वाटच पाण्याखाली गेलेली असू शकते.

पावसाळ्यात वाट कशी बदलते?

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे उंच लाटा किनाऱ्यावर आणतात. या लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात आणि ती किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली साचते. त्यामुळे जानेवारीत रुंद दिसणारी पुळण जुलैमध्ये अरुंद आणि उताराची होते. काही ठिकाणी वाळूखालचे खडक उघडे पडतात. पाऊस सरल्यावर मंद लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे हिवाळ्यात पुळणीवरून चाललेल्या माणसाने तोच अंदाज धरून पावसाळ्यात जाणे ही पहिली चूक.

दुसरा धोका कड्याचा. जांभ्याचा वरचा थर टणक असतो, पण त्याखालचा थर अनेक ठिकाणी मऊ, चिकणमातीसारखा असतो. लाटा पायथा पोखरतात, पावसाचे पाणी वरून भेगांत मुरते आणि टणक छप्पर अधांतरी राहते. असा कडा वरून पाहणाऱ्याला भक्कम वाटतो. खाली काय पोखरले आहे हे त्याला दिसत नाही. सूर्यास्त पाहण्यासाठी कड्याच्या अगदी टोकावर बसणाऱ्यांनी आणि भर पावसात कड्याच्या पायथ्याशी आडोसा शोधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

तिसरा धोका घळींचा. गुहागर तालुक्यातील हेदवीची बामणघळ ही कातळातील अरुंद भेग. भरतीच्या वेळी लाट तीत घुसते आणि कोंडलेले पाणी उंच उसळते. ते पाहण्यासाठी लोक जेथे उभे राहतात तो खडक शेवाळाने निसरडा झालेला असतो. सड्यावर आणखी एक संकट दडलेले असते, ते म्हणजे सोडून दिलेल्या चिरेखाणी. पावसात त्या काठोकाठ भरतात आणि धुक्यात साध्या डबक्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात बाजू उभ्या कापलेल्या असल्याने आत पडलेल्याला बाहेर यायला आधार मिळत नाही.

मग पावसाळ्यात किनारवाटांवर जाऊच नये का? खालच्या वाटेवर नक्कीच नाही. पण वरचा सडा याच काळात सर्वाधिक देखणा असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवे, गेंद आणि कवल्याच्या फुलांनी उघडा कातळ झाकला जातो. कीटक पकडून खाणारी दवबिंदू ही वनस्पतीही येथे सापडते. कड्यापासून अंतर राखून, मळलेल्या वाटेने आणि गावातील माणसाला सोबत घेऊन चालणाऱ्यासाठी हा मोसम बंद असण्याचे कारण नाही. बंदीचा आदेश मात्र वरची आणि खालची वाट असा भेद करत नाही.

हिवाळा सर्वात सुरक्षित, हे कितपत खरे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्यासाठी उत्तम काळ हे खरेच. समुद्र शांत, हवा कोरडी, पुळण पुन्हा रुंद झालेली. उत्तरेकडून आलेल्या कुरवांचे थवे खाडीच्या मुखाशी उतरतात. पण ‘समुद्र शांत म्हणजे सुरक्षित’ हे समीकरण महाराष्ट्राला महाग पडले आहे. मुरूड येथे पुण्याच्या १४ विद्यार्थ्यांचा समुद्रात बुडून मृत्यू झाला तो १ फेब्रुवारी २०१६ रोजी. मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या आठ जणांचा बळी गेला तो एप्रिल २०१७ मध्ये. या दोन्ही दुर्घटना पावसाळ्यातील नव्हत्या. आकाश निरभ्र असताना, पर्यटनाच्या ऐन मोसमात त्या घडल्या. पावसाळ्यापुरते आदेश काढून किनारा सुरक्षित होत नाही, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

हिवाळ्याची आणखी एक जबाबदारी आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या याच मोसमात रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात. मंडणगड तालुक्यातील वेळासमध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना सोबत घेऊन त्यांचे संवर्धन सुरू केले आणि पुढे कासव महोत्सवामुळे गावातील घरांना उत्पन्नाचे साधन मिळाले. साधारण दीड ते दोन महिन्यांनी अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात. या काळात रात्री विजेऱ्या लावून पुळणीवर फिरणे, शेकोट्या पेटवणे किंवा वाहने पळवणे म्हणजे मादीला माघारी पाठवणे आणि पिल्लांना दिशाहीन करणे. दिवसा खुली असलेली वाट रात्री बंद ठेवावी लागते, ती अशा कारणासाठी.

उन्हाळ्यात धोका कशाचा?

मार्चनंतर सड्यावरील गवत वाळते आणि वणव्यांचा काळ सुरू होतो. उघडा जांभा दुपारी तापतो, मैलभर सावली नसते आणि पाणी मिळण्याची जागा थेट खालच्या वाडीत असते. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याची क्रिया मंदावते. शहरातून आलेला माणूस दोन तासांच्या वाटेला एक बाटली पाणी घेऊन निघतो आणि माथ्यावर गळून जातो. चालणे सकाळी दहापूर्वी संपवावे हा गावचा शहाणपणा आहे. जेवणानंतर सड्यावर जाण्याचा बेत गावचा माणूस करत नाही.

एप्रिल-मेमध्ये समुद्राचीही एक खोड असते. दक्षिण हिंदी महासागरात दूरवर उठलेल्या वादळांच्या लांब लाटा कधी कधी काही दिवसांनी भारताच्या किनाऱ्यावर पोहोचतात. येथे वारा नसतो, ढग नसतात, तरीही लाटा अचानक पुळणीवर आत येतात. केरळात यासाठी ‘कल्लक्कडल’ म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र असा शब्दच आहे. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांचे इशारे देते. ते मच्छीमारांपर्यंत बऱ्यापैकी पोहोचतात. पण किनाऱ्यालगतच्या घरगुती निवासात उतरलेल्या पाहुण्यापर्यंत ते पोहोचण्याची व्यवस्था नाही.

तिथीवरून भरती कशी ओळखतात?

मोसमाइतकेच महत्त्व दिवसाला आणि तासाला आहे. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात यासाठी सोपा हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास. हा मुंबईच्या आसपासचा ढोबळ हिशेब झाला. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, त्यामुळे अचूक वेळेसाठी त्या त्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे लागते.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे पाणी सर्वाधिक चढते आणि सर्वाधिक उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते आणि नेमक्या याच वेळी पर्यटकांच्या गाड्या देवळाच्या आवारात येऊन थांबतात. होळी पौर्णिमेला शिमग्यासाठी आलेले, दत्तजयंतीला देवदर्शनाला आलेले किंवा अमावस्येला धरून सुट्टी काढलेले कुटुंब दुपारी प्रदक्षिणेला निघाले, तर ते पंधरवड्यातील सर्वात वाईट तास निवडत असते. त्याच दिवशी सकाळी सहा-सातच्या सुमारास तीच वाट सर्वाधिक मोकळी असते.

पाणी चढण्याचा वेगही फसवा असतो. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासात पाणी जेमतेम बाराव्या हिश्शाने वाढते. मधल्या दोन तासांत मात्र एकूण वाढीपैकी निम्मी वाढ होते. पहिल्या तासाचा संथपणा पाहून ‘अजून वेळ आहे’ असे म्हणणारा माणूस पुढच्या तासात अडकतो. म्हणून खडपावरची वाट पाणी उतरत असताना सुरू करावी आणि ते पुन्हा चढू लागण्याआधी संपवावी, हा साधा नियम.

सध्याच्या बंदीत चुकते कुठे?

दुर्घटना घडली की जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढते. त्यामागची काळजी खरी असते, कारण शोधकार्याचा भार पोलीस, होड्या बाहेर काढणारे स्थानिक मच्छीमार आणि गावातील तरुण यांच्यावर पडतो. पण सरसकट बंदीचे तीन तोटे आहेत. पहिला, ती वर्षभर टिकवता येत नाही, त्यामुळे ती उठली की ‘आता सुरक्षित’ असा संदेश जातो. दुसरा, ज्या फलकावर बारा महिने ‘धोका’ लिहिलेले असते त्याकडे लोक पाहणे सोडून देतात. ओहोटीला शेकडो माणसे तो फलक ओलांडून सुखरूप परत येताना दिसली, तर भरतीला येणारा त्यावर विश्वास का ठेवील? तिसरा, बंदीने चहाची टपरी, खानावळ आणि घरगुती निवास चालवणाऱ्यांचा धंदा बुडतो आणि वाटेची खडान्‌खडा माहिती असलेला हाच वर्ग व्यवस्थेच्या विरोधात जातो.

बंदीच्या चर्चेत आणखी एक मुद्दा झाकला जातो. वापरात नसलेली वाट टिकत नाही. सड्यावरील जमिनी विकल्या जात आहेत, कुंपणे पडत आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाखाड्या मध्येच तुटत आहेत. वरची सुरक्षित वाट बंद झाली की चालणाऱ्याला खालून, खडपावरून जावे लागते. म्हणजे वाट अडवणे हादेखील सुरक्षेचाच प्रश्न आहे.

इतरत्र काय केले जाते?

उत्तरासाठी फार लांब जायला नको. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. लोक थांबतात, पाणी उतरले की जातात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि परतीची वेळ किनाऱ्यावरचा घोडागाडीवालाही सांगतो. वेळ पाळण्याची शिस्त येथे आहे, कारण वेळ सर्वांना ठाऊक आहे. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक नेमले जातात आणि पाण्यात उतरावे की नाही हे झेंड्यांच्या रंगावरून कळते.

इंग्लंडमध्ये लिंडिसफार्न बेटाकडे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा बुडतो. तेथे रस्ता ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा आधीच जाहीर होतात आणि दोन्ही टोकांना लावल्या जातात. त्याच देशात २००९ च्या कायद्याने किनाऱ्यालगत सलग पायवाटेची तरतूद करताना एक व्यवहारी गोष्ट मान्य करण्यात आली. कडा ढासळला तर वाटही आतल्या बाजूला सरकवता येते. किनारा स्थिर नाही हे तेथे कायद्यानेच गृहीत धरले आहे. आपल्याकडे मात्र एकदा बसवलेला कठडा कड्याच्या टोकावर लोंबकळत राहतो.

काय करता येईल?

पहिली गरज आहे ती वेळेच्या फलकाची. हरिहरेश्वर, हेदवी, कशेळी अशा प्रत्येक ठिकाणी वाटेच्या तोंडाशी ‘आज वाट खुली : अमुक ते अमुक’ एवढेच लिहिलेला फळा हवा. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. कोष्टक छापील मिळते, खडू ग्रामपंचायतीकडे असतो आणि रोज सकाळी तो आकडा बदलण्याचे काम गावातील एका व्यक्तीला मानधन देऊन सोपवता येते. उधाणाच्या दिवशी आणि मोठ्या लाटांचा इशारा असताना त्याच फळ्यावर ‘आज बंद’ लिहावे. बारा महिने नसलेली बंदी लोक गांभीर्याने घेतात.

दुसरे, वरची आणि खालची वाट वेगळी करावी. पावसाळ्यात खालची वाट निर्विवाद बंद आणि सड्यावरची वाट कड्यापासून आत आखून खुली. ती आखताना फुलांचे कातळ आणि कातळशिल्पे वगळावीत. कोकणातील कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांच्यावरून बूट घालून फिरणारी गर्दी ही पर्यटनवाढ नव्हे, नुकसान आहे.

तिसरे, स्थानिक वाटाड्यांना आणि बचाव करणाऱ्या तरुणांना प्रशिक्षण, विमा आणि मानधन द्यावे. आज दुर्घटनेनंतर पहिली उडी तेच मारतात आणि बातमीत त्यांचा उल्लेख ‘स्थानिकांच्या मदतीने’ एवढाच होतो. चौथे, गावच्या पाखाड्यांची नोंद ग्रामसभेने करून घ्यावी. सागरी महामार्ग आणि खाडीपूल उभे राहतील तसे किनाऱ्यावरील जमिनींवरचा दबाव वाढत जाईल. कागदावर नसलेली वाट तेव्हा वाचणार नाही.

लोक ऐकतील का?

हा आक्षेप रास्त आहे. लिंडिसफार्नला वेळा लावूनही पाण्यात अडकणारी वाहने थांबलेली नाहीत. कोकणातही मद्यपान करून खडकावर जाणारा किंवा लाटेसमोर छायाचित्र काढणारा फलक वाचून थांबेल असे नाही. पण नियमांची परीक्षा बेफिकीर माणसावरून करणे चुकीचे आहे. किनाऱ्यावर अडकणाऱ्यांत अशीही कुटुंबे असतात, ज्यांना पाणी कधी चढते हे कुणी सांगितलेलेच नसते. त्यांना ‘धोका’ हा शब्द नको असतो, ‘चार वाजल्यानंतर या’ हे वाक्य हवे असते.

कोकणातील माणूस समुद्राला घाबरून घरी बसला नाही आणि त्याला गृहीतही धरून चालला नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी शाकारून ठेवायची, उधाणाला खाडी ओलांडायची नाही, तिथी पाहून पाण्याशी व्यवहार करायचा ही त्याची रीत. मासेमारीवरील पावसाळी बंदीही १ जून ते ३१ जुलै अशी तारखा सांगून येते, म्हणून ती समजते आणि बऱ्याच अंशी पाळली जाते. किनारवाटांना तेवढाच न्याय दिला, तर बाहेरून आलेल्या माणसालाही गावच्या माणसासारखे घड्याळ आणि तिथी पाहून चालता येईल.